ऑस्ट्रेलियातली दिव्यांग पेन्शन अन् २८ दिवसांचा हिशोब : गावाकडं येणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी वाचावं असं काही

परदेशात स्थायिक झालेला आपला माणूस, त्याला तिकडं अपघात झाला किंवा मोठं आजारपण आलं, काम सुटलं, आणि तिथल्या सरकारची अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. आता त्याला वाटतं, इथं एकटं बसण्यापेक्षा चार-सहा महिने गावाकडं जाऊन राहावं. आई-वडील थकलेत, घर आहे, माणसं आहेत, जेवणखाण आहे. गावातल्या लोकांनाही यात काही वावगं दिसत नाही. पेन्शन तर खात्यात जमा होते, मग माणूस मेलबर्नला असला काय अन् माणदेशात असला काय, फरक काय पडतो?

फरक पडतो. ऑस्ट्रेलियात तर फारच पडतो. तिथला नियम असा, की अपंगत्वाची पेन्शन घेणारा माणूस १२ महिन्यांत सगळे मिळून २८ दिवस देशाबाहेर राहिला, तर तेवढ्याच दिवसांची पेन्शन मिळते. एकोणतिसाव्या दिवसापासून पैसे थांबतात. याला काही अपवाद आहेत, ते पुढं सांगतो. पण आधी नियम नीट समजून घेऊ, कारण घोळ होतो तो दिवस मोजण्यात.

ही पेन्शन नेमकी कुणाला मिळते?

तिचं नाव डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया नावाचं सरकारी खातं ती देतं, लोकांच्या बोलण्यात मात्र ‘सेंटरलिंक’ असंच येतं. पैसे महिन्याला नाही, दर पंधरवड्याला जमा होतात. वय १६ वर्षं पूर्ण लागतं, आणि तिथली वृद्धापकाळाची पेन्शन ज्या वयात सुरू होते (६७ वर्षं) त्याच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्याकडं जसं दिव्यांगत्वाचं टक्क्यांत प्रमाणपत्र असतं, तसं तिकडं गुणांचे तक्ते आहेत. त्यात किमान २० गुण भरावे लागतात आणि येती दोन वर्षं आठवड्याला १५ तासांचंही काम जमणार नाही हे ठरावं लागतं. पूर्ण अंधत्व असेल तर या गुणांच्या भानगडीत पडावं लागत नाही. उत्पन्न आणि मालमत्ताही बघितली जाते.

आपल्या वाचकांसाठी महत्त्वाची अट रहिवासाची आहे. साधारण १० वर्षं कायम रहिवासी म्हणून तिथं राहिलेलं असावं लागतं. काम करण्याची क्षमता तिथं रहिवासी असतानाच गेली, म्हणजे समजा तिथंच अपघात झाला, तर ही दहा वर्षांची अट आड येत नाही. शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या पोराला किंवा तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्याला ही पेन्शन नाही. गावात कधी कधी बोललं जातं की ‘तिकडं गेलं की सरकार बसून खायला घालतं’. तसं काही नाही.

२८ दिवस मोजायचे कसे?

बरेच जण समजतात की दरवर्षी १ जानेवारीला नवे २८ दिवस मिळतात. हे चूक आहे. कॅलेंडरचं वर्ष इथं धरतच नाहीत. माणूस देशाबाहेर असेल त्या प्रत्येक दिवशी मागं वळून बघायचं, की गेल्या १२ महिन्यांत आपण एकूण किती दिवस बाहेर होतो. ती बेरीज २८ च्या आत असेल तर त्या दिवसाची पेन्शन मिळते, पुढं गेली तर नाही.

उदाहरण घेऊ, म्हणजे डोक्यात बसेल. समजा एक जण २०२५ च्या मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला आला. ५ मे ते १४ मे, असे १० दिवस तो ऑस्ट्रेलियाबाहेर होता. मग डिसेंबरात वडील आजारी पडले म्हणून २० डिसेंबरला पुन्हा निघाला. आता त्याच्याकडं २८ नाही, १८ दिवस उरलेत. डिसेंबरचे १२ आणि जानेवारीचे ६, म्हणजे ६ जानेवारी २०२६ पर्यंत पेन्शन, ७ जानेवारीपासून बंद. नवं वर्ष लागलं म्हणून नवा कोटा मिळाला नाही. तो त्याच दिवशी परत गेला आणि २०२६ च्या मे महिन्याच्या शेवटी पुन्हा यायचं म्हणाला, तर तोवर आधीच्या मे मधले १० दिवस हिशोबातून गळालेले असतात, तेवढेच त्याला मोकळे. डिसेंबर-जानेवारीतले १८ दिवस मात्र पुढच्या डिसेंबरपासूनच एकेक करून गळायला लागतात.

(जायचा दिवस धरतात की यायचा, यात एक-दोन दिवस इकडं तिकडं होऊ शकतात, म्हणून काठावरचा हिशोब धरून तिकीट काढू नये. मधे दोन-तीन दिवस हातात ठेवावेत.)

आणखी एक गोष्ट. हे दिवस भारतात घालवलेले दिवस नव्हेत, ऑस्ट्रेलियाबाहेरचे दिवस आहेत. वाटेत सिंगापूरला विमान बदलताना मुक्काम पडला, मुंबईत पाहुण्यांकडं दोन दिवस गेले, मग एसटीनं किंवा रेल्वेनं गाव गाठलं, हे सगळं त्या २८ मध्येच. तालुक्याच्या गावापासून आत राहणाऱ्यांचे जाता-येता तीन-चार दिवस असेच जातात.

आणि ज्याचे २८ दिवस आधीच संपलेत, तो पुन्हा बाहेर पडला तर पेन्शन निघाल्या दिवसापासूनच थांबते.

‘गावात आहे हे त्यांना कुठं कळतंय?’

हा सल्ला देणारे पारावर भरपूर भेटतात. ऐकू नका. विमानतळावर पासपोर्ट तपासला जातो तेव्हा देश सोडल्याची आणि परत आल्याची नोंद होते, आणि ती नोंद तिथलं इमिग्रेशन खातं पेन्शनच्या खात्याला कळवतं. कुणी चुगली करायची गरज नाही. चुकून जादा पैसे जमा झालेच, तर ते नंतर कर्ज म्हणून मागितले जातात आणि पुढच्या पेन्शनमधून कापून घेतात. ज्याचं पोट त्या पंधरवड्याच्या रकमेवर चालतं, घरभाडं त्यातूनच जातं, त्याच्या डोक्यावर असं कर्ज बसणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

उलटी भीतीही घालू नये. २८ दिवस ओलांडले म्हणून माणसाला देशात परत घेत नाहीत किंवा नागरिकत्व जातं, असं अजिबात नाही. फिरायला बंदी नाही, बंदी पैशांवर आहे. वेळेत परत गेला तर पेन्शन पुन्हा सुरू होते. पण फार दिवस बाहेर राहिला तर ती नुसती थांबत नाही, रद्दच होते. मग पहिल्यापासून अर्ज, डॉक्टरांचे कागद, तपासणी, सगळं नव्यानं. मंजूर होईलच याची खात्री नाही, कारण नवा अर्ज आजच्या नियमांनी तपासला जातो.

पूर्वी असं नव्हतं

जुन्या लोकांना वेगळं आठवतं, आणि त्यांचं चूक नाही. २००४ च्या आधी या पेन्शनवर २६ आठवडे बाहेर राहता यायचं. त्या वर्षी ते १३ आठवडे झालं. १ जानेवारी २०१३ पासून ६ आठवडे. आणि १ जानेवारी २०१५ पासून ४ आठवडे, तेही एका फेरीचे नाही तर १२ महिन्यांचे मिळून. ही शेवटची घट मोठी होती. आधी सहा आठवडे राहून परत गेलेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा सहा आठवडे येऊ शकत होता, ती वाट बंद झाली. म्हणून कुणी ‘आमचा मामा तर तीन महिने राहून जायचा’ असं म्हणालं, तर मामा खरा, पण तो काळ गेला.

सरकारचं म्हणणं असं, की ही पेन्शन लोकांच्या करातून जाते, कुणाच्या पगारातून कापून जमा केलेली नाही, त्यामुळं ती घेणाऱ्यानं देशात राहावं, उपचार घ्यावेत, जमेल तसं कामाकडं वळावं. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच देशात वृद्धापकाळाची पेन्शनही करातूनच जाते, आणि ती घेणारा म्हातारा माणूस कितीही काळ बाहेर राहिला तरी त्याची पेन्शन चालू राहते. सहा महिन्यांनंतर फक्त रक्कम बदलते, ती माणूस कामाच्या वयात किती वर्षं ऑस्ट्रेलियात राहिला त्यावर ठरते, ३५ वर्षं भरली तर पूर्ण. म्हणजे ६७ वर्षांच्या धडधाकट माणसाला गावी येऊन राहता येतं आणि चाळिशीत पाय गमावलेल्याला महिनाभरही नीट नाही. करदात्यांचं कारण दोघांना सारखंच लागू व्हायला हवं होतं, तसं ते होत नाही. आमच्या मते हा नियम पैसे वाचवायला केलाय, आणि ज्यांचं कुटुंब परदेशात आहे अशांवरच त्याचा भार पडतो. ज्याचे आई-वडील सिडनीतच राहतात त्याला २८ दिवस म्हणजे सुट्टी. ज्याची आई आटपाडीला किंवा दापोलीला आहे, त्याचं तसं नाही.

भारत आणि ऑस्ट्रेलियात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचा हवाला देऊन काही जण सांगतात की भारतीयांना सूट आहे. त्या करारात ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं वृद्धापकाळाची पेन्शन येते, अपंगत्वाची येत नाही. २८ दिवसांच्या नियमाला त्याचा उपयोग नाही.

अपवाद कुणाला?

सगळ्यात मोठा अपवाद ज्यांचं अपंगत्व फार तीव्र आहे त्यांना. एकाच तक्त्यात २० किंवा त्याहून जास्त गुण, आणि येत्या पाच वर्षांत आठवड्याला दोन तासांचंही काम होणार नाही असं तपासणीत ठरलं, तर मुदतीचं बंधन उठतं. माणूस गावी वर्षभर राहिला तरी मूळ पेन्शन चालू राहते. सहा आठवड्यांनंतर सोबतची काही पूरक रक्कम मात्र कमी होते.

पण ही सूट आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते, तपासणी होते, आणि ही तपासणी ऑस्ट्रेलियात असतानाच करून घ्यायची असते. इथं येऊन, महिना उलटल्यावर, ‘आता सूट द्या’ म्हणून फोन लावला तर काम होत नाही. ज्याला खरोखर सूट मिळू शकली असती असा माणूसही केवळ अर्ज न करता निघाला म्हणून अडकतो. व्हीलचेअरवर असणं किंवा पूर्ण अंध असणं म्हणजे सूट मिळालीच, असंही धरून चालू नये. पेन्शन मिळण्याचे निकष वेगळे, बाहेर राहण्याचे वेगळे.

दुसरा अपवाद दुर्धर आजारानं शेवटाकडं चाललेल्यांचा. असा माणूस जन्मभूमीला किंवा आपल्या कुटुंबाजवळ कायमचा परतायचं म्हणत असेल, तर त्याची पेन्शन सोबत येऊ शकते. हेही निघण्याआधी मंजूर करून घ्यायचं. हा विषय घरात बोलायला जड जातो, म्हणून लांबणीवर पडतो. पण उशीर झाला तर प्रवास करण्याइतकी ताकदच उरत नाही.

याशिवाय तिथल्या मान्य अभ्यासक्रमाचा भाग म्हणून परदेशात शिकणाऱ्यांसाठी, आणि ऑस्ट्रेलियन कंपनीनं परदेशी पाठवलेल्या घरच्या माणसावर अवलंबून असलेल्या तीव्र अपंगांसाठीही सवलती आहेत. आपल्याकडच्या फार थोड्यांना त्या लागू पडतील.

इथं आल्यावर काही घडलं तर?

मुदतवाढ मिळते, पण तिची अट नीट समजून घ्या. माणूस बाहेर असताना, पेन्शन चालू असलेल्या दिवसांतच, असं काही घडायला हवं की ज्यामुळं त्याला परत जाताच येत नाही. त्याचा स्वतःचा किंवा घरच्याचा गंभीर अपघात, गंभीर आजार, दवाखान्यात भरती, घरच्याचा मृत्यू, चोरी-लुटीसारखा गुन्हा त्याच्यावर घडणं, पूर किंवा भूकंप, युद्ध, दंगल, संपामुळं वाहतूक बंद. अशा वेळी खात्याला कळवून मुदत वाढवून मागता येते. कोरोनात २०२० साली विमानंच बंद झाली होती, २०२१ च्या मे महिन्यात तर ऑस्ट्रेलियानं भारतातून येणाऱ्यांना काही दिवस पूर्ण बंदी घातली होती. माणसाच्या हातात काहीच नाही, अशा वेळेसाठी ही तरतूद आहे.

आता यातली मेख. आई आधीपासून आजारी होती, तिला बघायला म्हणून माणूस आला आणि ती तशीच आजारी राहिली, तर ती ‘बाहेर असताना घडलेली’ घटना होत नाही. आईच्या निधनाची बातमी तिकडं कळली, तो धावत आला, तरी तेच. घटना निघण्याआधीची आहे. त्याला त्याचे उरलेले दिवस मिळतील, तेवढेच. पण तो इथं असताना आई गेली, तर मुदतवाढ मागायला जागा आहे. नियम कागदावर नीट वाटतो, प्रत्यक्षात त्यातून असा विचित्र प्रकार तयार होतो.

घरचा माणूस म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं. चुलता, मामा, आजी यांना आपण घरचेच मानतो, तिकडं मात्र त्यांच्यासाठी अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं की यांनीच मला वाढवलं वगैरे. मानतील किंवा नाही मानणार.

इतर देशांत काय?

ब्रिटनमध्ये तुलनेनं सैल आहे. तिथली पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट ही दिव्यांगांची रक्कम तात्पुरत्या प्रवासात १३ आठवड्यांपर्यंत चालू राहते, आणि उपचारासाठी बाहेर गेलं तर २६ आठवडे. मात्र त्याच माणसाला युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल, तर ते साधारण एका महिन्यानंतर थांबतं. दोन योजना, दोन मुदती, त्यामुळं तिकडच्यांचाही गोंधळ होतो.

अमेरिकेत आधी विचारायचं, की कुठली रक्कम मिळते. नोकरी करताना भरलेल्या सोशल सिक्युरिटीतून मिळणारी अपंगत्वाची रक्कम असेल, तर अमेरिकी नागरिकाला ती बहुतेक देशांत मिळत राहते. नागरिक नसलेल्यांचे नियम वेगळे आणि कडक. पण गरिबांसाठीची एसएसआय नावाची मदत असेल, तर सलग ३० दिवस बाहेर राहिलं की ती बंद, आणि परत जाऊन सलग ३० दिवस तिथं काढल्याशिवाय सुरू होत नाही.

आणि आपली पेन्शन घेऊन तिकडं जाणाऱ्यांचं?

हा प्रश्न उलट्या दिशेचा, पण आपल्या भागात तोच जास्त विचारला जातो. फौजेतून दिव्यांग निवृत्तीवेतन घेऊन आलेले लोक आपल्याकडं गावोगावी आहेत, आणि आता त्यांची मुलं परदेशात आहेत. नातवंडं सांभाळायला सहा महिने गेलो तर पेन्शन थांबेल का? अशा मुक्कामानं थांबत नाही. आपल्याकडं दिवसांची मर्यादा नाही, अडतं ते हयातीच्या दाखल्यावर. तो वर्षातून एकदा द्यावाच लागतो. मुदतीच्या वेळी परदेशात असाल तर भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन देता येतो. शक्य असेल तर जायच्या आधी देऊन निघालेलं बरं.

संजय गांधी निराधार योजनेचं वेगळं आहे. ती राज्याची योजना, तिला महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्याची अट आहे, दिव्यांगासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के. परदेशवारीचा तिथं वेगळा नियम कशाला असेल, लाभार्थी तालुक्याला यायचं तर एसटीच्या भाड्याचा विचार करतो. पण हयातीची नोंद तिथंही लागतेच, आणि पडताळणीच्या वेळी माणूस गावात सापडला नाही तर अनुदान अडकतं, मग तो पुण्याला गेलेला असो की दुबईला.

कागद कुठले लागतील

ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाला मुदतवाढ मागायची वेळ आली, तर पुरावे आपल्या गावातूनच गोळा करायचे असतात, आणि इथं घरच्यांची मदत लागते. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, दवाखान्याच्या लेटरहेडवर, तारीख आणि सही-शिक्क्यासह घ्यावं. त्यात आजाराचं नाव, तो कधी सुरू झाला, आणि रुग्ण स्वतः आजारी असेल तर प्रवास कधीपर्यंत करू शकत नाही, हे स्पष्ट असावं. ‘रुग्णास विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या ओळीवर तिकडं काही होत नाही. भरती केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. चोरी झाली असेल तर पोलिसांतली तक्रार. विमान रद्द झालं तर कंपनीचा मेसेज डिलीट करू नका.

फोन करताना इंग्रजी जमत नसेल तर खात्याकडून दुभाषा मोफत मिळतो. या कामासाठी कुठल्या एजंटाला पैसे द्यायची गरज नाही, आणि पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड तर कुणालाच देऊ नये, अगदी भाच्यालाही.

घरात मृत्यू झाला असेल तर नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या. आपल्याकडं तेरावा झाल्यावर कागदाचं बघू म्हणायची सवय आहे. इथं २८ दिवसांतले १३ तसेच गेलेले असतात, आणि दाखला हातात नसेल तर मुदतवाढीच्या अर्जाला जोडायला काहीच नसतं. ग्रामसेवकाकडून दाखला घेताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरच्या वडिलांच्या-आईच्या नावाशी जुळतंय का, ते तिथंच उभं राहून तपासा.